धूर आणि संकेत : डेटा सेंटरांतील कोंडीच्या नियंत्रणाचा इतिहास

१

मराठीत ‘गर्दी’, ‘दाटी’ आणि ‘कोंडी’ हे शब्द एकमेकांच्या शेजारी नांदत असले तरी ते समानार्थी नाहीत. जत्रेत गर्दी असते, परंतु माणसे हलत असतात. दाटीमध्ये हालचाल कष्टाची होते, तरी ती थांबत नाही. कोंडी मात्र तेव्हाच होते, जेव्हा पुढचा हलत नाही म्हणून मागच्याला हलता येत नाही, आणि मागचा येऊन भिडला आहे म्हणून पुढच्याला वळण्यासही जागा उरत नाही. घाटात एखादी मालमोटार आडवी झाल्यावर जे घडते, त्याला कोणी ‘गर्दी’ म्हणत नाही. इंग्रजीतील ‘कंजेशन’ या एका शब्दावर या तिन्ही अवस्थांचा भार पडलेला आहे. संगणकांच्या जालांविषयी जे वाद माजले त्यांपैकी काहींचे मूळ या शब्दाच्या ऐसपैसपणात सापडेल, असे मला वाटते.

संगणकांच्या जालात, विशेषतः डेटा सेंटर नावाच्या प्रचंड यंत्रागारांत, कोंडी टाळण्यासाठी जे उपाय गेल्या चार दशकांत योजले गेले, त्यांचा इतिहास हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. हा इतिहास सामान्यतः सूत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो : अमुक साली अमुक विद्वानाने वेग कमी-अधिक करण्याची अधिक चांगली रीत शोधली, आणि पुढच्याने तीत सुधारणा केली. हे सांगणे खोटे नव्हे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला त्यात निराळेच सूत्र दिसते. संदेश पाठविणारा संगणक वाटेतील कोंडी आपल्या डोळ्यांनी पाहू शकत नाही. ती त्याला कोणत्या तरी चिन्हावरून जाणावी लागते. ते चिन्ह कोणते, ते कोण देतो, आणि त्याचा अर्थ कोणी ठरविला, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे या इतिहासाचे टप्पे आपोआप उलगडतात.

चिन्हे दोन जातींची असतात, हे आपल्याकडील नैयायिकांना चांगले ठाऊक होते. पर्वतावर धूर दिसतो, त्यावरून आपण अग्नीचे अनुमान करतो. धूर हे अग्नीचे लिंग आहे. परंतु आपल्याला काही कळविण्यासाठी धूर निघत नाही, आणि त्या दोहोंमधील संबंध कोणी ठरविलेलाही नाही. शब्दाचे तसे नाही. शब्दाचा अर्थाशी असलेला संबंध हा संकेत होय. तो बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही मान्य असावा लागतो. संगणकजालांतील कोंडीचे ज्ञान आरंभी धुरावरून होत असे, आणि पुढे ते शब्दावरून व्हावे असा प्रयत्न झाला. हे संक्रमण सार्वजनिक जालात रखडले आणि डेटा सेंटरच्या चार भिंतींत तडीस गेले. ते तसे का झाले, आणि त्या भिंतींआड घडलेली बोली बाहेर पडू लागताच कोणती अडचण उभी राहिली, हे येथे पाहावयाचे आहे.

२

टेलिफोनच्या जुन्या जालात हा प्रश्न या स्वरूपात नव्हता. तेथे बोलणे सुरू होण्यापूर्वीच दोन टोकांमधील संपूर्ण वाट राखून ठेवली जाई. वाट मोकळी नसेल तर तसा सूर ऐकू येई आणि मनुष्य यंत्र खाली ठेवी. डेन्मार्कचे गणिती आग्नर एरलांग यांनी १९१७ मध्ये जी सूत्रे प्रसिद्ध केली, ती नकार मिळण्याची संभाव्यता मोजणारी होती. पुढे १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन यांनी आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे निराळी कल्पना मांडली. संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालावा, आणि वाट राखून न ठेवता ते सोडून द्यावेत. या तुकड्याला डेव्हिस यांनी ‘पॅकेट’ हे नाव दिले. ते देण्यापूर्वी हा शब्द इतर भाषांत सुखाने नेता येईल की नाही, याविषयी त्यांनी एका भाषातज्ज्ञाचा सल्ला घेतला होता, असे सांगतात. आमच्या विद्येचा तंत्रज्ञांना झालेला हा उपयोग फारसा कोणास ठाऊक नाही. असो.

वाट राखून ठेवावयाची नाही म्हणजे नकारही नाही. कोणीही कितीही पॅकेटे सोडावीत, आणि जेथे दोन वाटा एकत्र येतात तेथील यंत्राने ती आपल्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीत, रांगेने उभी करावीत. साठवण भरली की पुढची टाकून द्यावीत. याचा धोका डेव्हिस यांनी लवकर ओळखला होता. जालात एकंदर पॅकेटांची संख्या ठरीव ठेवावी, आणि रिकामे परवाने जालात फिरत ठेवून, ज्याच्या हाती परवाना लागेल त्यानेच पॅकेट सोडावे, अशी योजना त्यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. तिला त्यांनी ग्रीक मुळांवरून ‘समसंख्य’ अशा अर्थाचे नाव दिले होते. योजना मागे पडली. मात्र परवान्याची ही कल्पना लक्षात ठेवावी, कारण तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट हे अमेरिकी जाल टी.सी.पी. या संपर्कनियमावर आले. या नियमाची कार्यपद्धती थोडक्यात अशी : ग्राही संगणक प्रत्येक पॅकेटची पोच देतो. पोच आली नाही तर प्रेषक ते पॅकेट पुन्हा पाठवितो. पोचेची वाट न पाहता एका वेळी किती पॅकेटे सोडावीत याला मर्यादा असते, आणि तिला ‘विंडो’ म्हणतात. मूळच्या नियमात ही विंडो ग्राहीच्या सोयीने ठरे. वाटेत काय चालले आहे याचा तीत विचार नव्हता. १९८४ च्या जानेवारीत फोर्ड एअरोस्पेसमधील जॉन नेगल यांनी एका टिपणात या उणिवेवर बोट ठेवले. रांगा लांबल्या म्हणजे पोच उशिरा येते. पोच उशिरा आली म्हणजे प्रेषकाला पॅकेट गहाळ झाले असे वाटते, व तो दुसरी प्रत पाठवितो. दुसऱ्या प्रतीने रांग आणखी लांबते. जाल पूर्ण भरलेले आहे, पण वाहते आहे ते बहुतांशी तेच ते, अशी ही अवस्था होय. विशेष म्हणजे ही अवस्था एकदा आली की टिकून राहते, असे नेगल यांनी दाखविले. आपल्या अर्थाने ही खरी कोंडी.

ती प्रत्यक्षात यावयास फार काळ लागला नाही. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली येथील परिसर, म्हणजे एकमेकांपासून अवघ्या ४०० यार्डांवरील दोन ठिकाणे, यांच्यामधील वहनाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. प्रयोगशाळेतील व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्स यांच्या साहाय्याने त्याचा शोध घेतला. त्यातून सिद्ध झालेला निबंध १९८८ मध्ये सिगकॉम परिषदेत वाचला गेला. कोंडीच्या नियंत्रणाचा खरा आरंभ याच निबंधापासून मोजतात, आणि ते योग्यच आहे.

या निबंधातील एका युक्तिवादाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. तारेतील बिघाडामुळे पॅकेट नष्ट होण्याचे प्रमाण अत्यल्प, शेकडा एकाहूनही पुष्कळ कमी असते. तेव्हा पॅकेट गहाळ झाले याचा अर्थ जवळजवळ नेहमीच असा की, वाटेत कोठे तरी साठवण भरली. म्हणून गहाळ होणे हेच कोंडीचे चिन्ह मानावे. जेकबसन पुढे म्हणतात की, या चिन्हाचा मोठा गुण म्हणजे जगातील प्रत्येक जाल ते आजच देत आहे; त्यासाठी कोठेही फेरफार करावा लागत नाही. हा युक्तिवाद शब्दशः अनुमानाचा आहे. व्याप्ती सांगितली आहे, व्यभिचाराची शक्यता नगण्य ठरविली आहे, आणि मग लिंगावरून साध्याकडे जाणे आहे. जालाला ‘बोलावयास’ शिकविण्याची गरज नाही. त्याचा धूर दिसतो तेवढा पुरे. धूर दिसला की विंडो निम्मी करावी, न दिसला तर ती हळूहळू, एकेका पॅकेटने वाढवावी, हा नियम त्यातून रूढ झाला. अशा चढउतारात अनेक प्रेषक अखेर समान वाट्याकडे सरकतात, हे डा-मिंग च्यू आणि राज जैन यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले. इंटरनेट पुढे जे टिकले आणि वाढले, ते पुष्कळ अंशी या धुरावर.

३

परंतु व्याप्ती तपासून पाहिली तर ती दोन्ही बाजूंनी फुटते. बिनतारी जालात हवेतील अडथळ्यामुळे पॅकेटे नष्ट होतात. तेथे अग्नीवाचून धूर आहे. उलट पक्षी, साठवणीची जागा स्वस्त झाल्यामुळे यंत्रांत मोठमोठी बफरे बसविली गेली. तेथे रांग कितीही लांबली तरी पॅकेट गहाळ होत नाही, नुसता विलंब वाढत जातो. तेथे अग्नी आहे पण धूर नाही. या दुसऱ्या दोषाची चर्चा २०१० च्या सुमारास विशेष झाली. शिवाय एक मूलभूत अडचण राहतेच. धूर दिसावयाचा तर काही तरी जळावे लागते : कोंडी कळण्यासाठी प्रत्येक वेळी एखादे पॅकेट बळी द्यावे लागते.

ज्या १९८८ च्या परिषदेत जेकबसन यांनी धुराचा पक्ष मांडला, त्याच परिषदेत के. के. रामकृष्णन आणि राज जैन या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या दोघा अभियंत्यांनी शब्दाचा पक्ष मांडला, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने चित्तवेधक आहे. त्यांची सूचना अशी की, प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागात एक बिट राखून ठेवावा. वाटेतील यंत्राला रांग लांबते आहे असे दिसले तर त्याने तो बिट चढवावा, ग्राहीने तो पोचेबरोबर परत कळवावा, आणि आलेल्या खुणांपैकी निम्म्या किंवा अधिक चढलेल्या असतील तर प्रेषकाने आपली विंडो एक-अष्टमांशाने कमी करावी. खुणांचे प्रमाण पाहावयाचे ही यातील बाब फार महत्त्वाची होती. परंतु तिचे महत्त्व कळावयास बावीस वर्षे जावी लागली.

दरम्यान सॅली फ्लॉइड आणि जेकबसन यांनी १९९३ मध्ये रांग भरण्यापूर्वीच, सरासरी लांबी पाहून, अधूनमधून एखादे पॅकेट टाकून देण्याची किंवा त्यावर खूण करण्याची पद्धत सुचविली, आणि खुणेचा पर्याय फ्लॉइड यांनी पुढील वर्षी विस्ताराने मांडला. २००१ च्या सप्टेंबरात रामकृष्णन, फ्लॉइड आणि डेव्हिड ब्लॅक यांचा मसुदा आर.एफ.सी. ३१६८ या क्रमांकाने इंटरनेटचा अधिकृत नियम झाला. पॅकेटच्या शीर्षभागातील दोन बिट या कामी देण्यात आले. दोन बिटांचे चार शब्द होतात. ‘००’ म्हणजे ‘मला खुणेची भाषा येत नाही’. ‘१०’ आणि ‘०१’ हे दोन्ही म्हणजे ‘मला ती येते’. ‘११’ म्हणजे ‘वाटेत कोंडी भेटली’. मधल्या दोन शब्दांचा अर्थ तंतोतंत एकच ठेवला होता. चार शब्दांच्या कोशात एक पर्यायशब्द असावा ही उधळपट्टीच. तिचा वापर ग्राहीचा खोटेपणा पकडण्यासाठी करावा अशी एक योजना २००३ मध्ये निघाली होती, पण ती चालली नाही.

आता ‘११’ या शब्दाची व्याख्या पाहावी. नियमात म्हटले आहे की, ही खूण दिसली असता प्रेषकाने एक पॅकेट गहाळ झाल्यावर जे केले असते तेच, म्हणजे विंडो निम्मी करणे, करावे. ग्राहीनेही, प्रेषकाने दखल घेतल्याचे कळेपर्यंत, तीच एक खूण पुनःपुन्हा सांगत राहावी. किती पॅकेटांवर खूण होती हे सांगण्याची सोय त्यात नव्हती. थोडक्यात, नवा शब्द घडविला आणि त्याचा अर्थ दिला ‘धूर’. त्याला सबळ कारण होते. खुणा समजणारे आणि न समजणारे प्रेषक एकाच रांगेत उभे राहणार. त्यांपैकी एकाने सौम्य आणि दुसऱ्याने कडक प्रतिसाद दिला तर सौम्य प्रतिसाद देणारा दुसऱ्याचा वाटा गिळील. लाखो अनोळखी जनांत संकेत रूढ करावयाचा तर त्याचा अर्थ जुन्या अर्थाशी बांधून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. तरीही तो रूढ झाला नाही. अनेक संस्थांच्या फायरवॉल यंत्रांना हे दोन बिट अपरिचित वाटत आणि ती अशी पॅकेटेच टाकून देत. शब्द कोशात गेला, पण बोलण्यात आला नाही, असे जवळजवळ दहा वर्षे चालले.

४

ज्याला आज डेटा सेंटर म्हणतात, ते या सुमारास आकार घेत होते. हजारो सर्व्हर एका छताखाली, एकाच मालकाच्या ताब्यात, आणि सर्व मिळून जणू एकच संगणक, ही त्यामागील कल्पना. आपल्याकडे नवी मुंबईत ऐरोली-महापे भागात अशी केंद्रे उभी आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास ती खिडक्या नसलेली गोदामे वाटतात. त्यांच्यातील जालाची प्रकृती बाहेरच्या जालाहून इतकी भिन्न आहे की, जुनी अनुमाने तेथे सपशेल फसली.

काळाचे परिमाण पाहा. मुंबईहून न्यूयॉर्कला पॅकेट जाऊन पोच परत यावयास सुमारे २०० मिलिसेकंद लागतात. डेटा सेंटरच्या आत हीच फेरी, रांगा नसतील तर, पाव मिलिसेकंदाच्या आत पुरी होते. परंतु पोच आली नाही असे ठरविण्यापूर्वी निदान २०० मिलिसेकंद थांबावे, हा लिनक्समधील रिवाज मात्र बाहेरच्या जगाच्या मापाने ठरलेला होता. आत एखादे पॅकेट असे गहाळ झाले की प्रेषक हजार-दोन हजार फेऱ्यांच्या अवधीइतका स्वस्थ बसून राही.

त्यात कामाची रीत अशी की, गहाळ होणे ठरलेलेच. एखाद्याने शोधयंत्राला प्रश्न विचारला म्हणजे तो प्रश्न एक सर्व्हर शेकडो सर्व्हरांना वाटून देतो, आणि ते सर्व आपापले उत्तर जवळजवळ एकाच क्षणी परत पाठवितात. शेकडो प्रवाह एका दारात येऊन थडकतात. तेथील स्वस्त स्विचमध्ये सर्व दारांना मिळून साठवण असते सुमारे ४ मेगाबाइटची. ती क्षणात भरते. या प्रकाराला ‘इनकास्ट’ हे नाव २००४ मध्ये साठवणयंत्रांच्या संदर्भात पडले, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ व २००९ मध्ये त्याचा सविस्तर अभ्यास केला. थांबण्याची किमान मुदत मिलिसेकंदांवरून मायक्रोसेकंदांवर आणावी, असा त्यांचा उपाय होता. तो उपयुक्त ठरला. पण त्याने चिन्ह बदलले नाही, फक्त ते लवकर वाचण्याची सोय केली.

येथे हानी कोणाची होते हेही सांगावयास हवे. उत्तरे गोळा करणाऱ्या सर्व्हरला ठरावीक मुदतीत प्रश्नकर्त्याला उत्तर द्यावयाचे असते. जे उत्तर मुदतीत आले नाही, ते वगळून तो पुढे जातो. विचारणाऱ्याला काही कमी मिळाले हे कधी कळतही नाही. रांगेत अडकलेल्या एका पॅकेटामुळे शोधाचे फळ निकृष्ट होते, आणि त्याची खूण कोठेच उरत नाही. काही ठिकाणी कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी त्रासून सर्व्हरांना मुद्दाम १० मिलिसेकंदांच्या आत मागेपुढे उत्तर पाठवावयास लावले होते. सर्वांत रखडणाऱ्या प्रश्नांची त्यामुळे सोय झाली, पण सामान्य प्रश्नांना उशीर होऊ लागला.

२०१० च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिगकॉम परिषद नवी दिल्लीत भरली. तीत मोहम्मद अलीझादे, अल्बर्ट ग्रीनबर्ग, डेव्हिड मॉल्ट्झ, जितेंद्र पाध्ये, परवीन पटेल, बालाजी प्रभाकर, सुदीप्त सेनगुप्त आणि मुरारी श्रीधरन या मायक्रोसॉफ्ट व स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी ‘डेटा सेंटर टी.सी.पी.’ या नावाची पद्धत मांडली. सुमारे ६,००० सर्व्हरांच्या चालत्या केंद्रातील वाहतुकीची पाहणी तिच्या पाठीशी होती. पद्धत स्वतः इतकी साधी आहे की तिचे वर्णन चार वाक्यांत होते. रांगेत ठरावीक संख्येहून अधिक पॅकेटे झाली की स्विचने नव्याने येणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर खूण करावी. सरासरी पाहत बसू नये. ग्राहीने कोणत्या पॅकेटवर खूण होती आणि कोणत्यावर नव्हती, हे जसेच्या तसे परत कळवावे. प्रेषकाने खुणा झालेल्यांचे प्रमाण मोजत राहावे. आणि विंडो त्या प्रमाणाच्या निम्म्याने कमी करावी : सर्वांवर खूण असेल तर निम्मी, शंभरांत दहांवर असेल तर शेकडा पाचाने.

यात नवा शब्द एकही नाही. तेच दोन बिट, तीच ‘११’ ही खूण. बदलला तो अर्थ. जुन्या नियमात खूण म्हणजे ‘कोंडी झाली’ असे विधान होते, आणि विधान एक तर असते किंवा नसते. नव्या पद्धतीत एकेकटी खूण जवळजवळ निरर्थक आहे. अर्थ येतो तो खुणांच्या ओघातून, किती दाट त्या पडल्या आहेत यावरून. मघाच्या परिभाषेत बोलावयाचे तर, जुनी खूण ‘कोंडी’ एवढेच म्हणू शकत होती. नवी गर्दीपासून दाटीपर्यंतच्या सर्व पायऱ्या सांगू शकते, आणि कोंडीपर्यंत वेळ येऊच देत नाही. परिणाम मोठा झाला. पूर्वीइतकेच किंवा अधिक वहन होत असता साठवणीची गरज शेकडा ९० ने घटली असे निबंधकारांनी नोंदविले. रांगा आखूड झाल्यामुळे लहान उत्तरांना वाट मिळू लागली.

हे येथेच का साधले? बाहेर दहा वर्षे न रुजलेली खूण येथे एका दमात रुजली, याचे कारण गणितात शोधून सापडणार नाही. स्विच, प्रेषक आणि ग्राही हे तिन्ही एकाच मालकाचे होते. संकेताला लागणारी सर्वसंमती येथे एका आज्ञेने मिळाली. सामान्य भाषेच्या इतिहासात असा प्रसंग विरळा. परिभाषा-समित्यांच्या आज्ञेने शब्द छापले जातात, पण बोलले जातातच असे नाही, हे आपण महाराष्ट्रात पुरेसे अनुभवलेले आहे.

५

यानंतरच्या दशकातील पद्धतींची केवळ नामावळी देणेही येथे शक्य नाही. चिन्हाच्या दृष्टीने जेवढे नवे, तेवढेच सांगतो. मायक्रोसॉफ्टसारख्यांनी एका सर्व्हरच्या स्मृतीतून दुसऱ्याच्या स्मृतीत थेट लेखन करण्याची रीत स्वीकारली. तिला पॅकेट गहाळ होणे मुळीच खपत नाही, म्हणून साठवण भरत आली की स्विच मागच्याला ‘थांब’ अशी आज्ञा देतो. आज्ञा हे उत्तम चिन्ह वाटते. परंतु थांबलेल्याची साठवण भरते, तो आपल्या मागच्यास थांबवितो, आणि स्तब्धता उगमाकडे पसरत जाते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनुभवकथनात, बिघडलेले एखादे जालपत्र अखंड ‘थांब’ म्हणत राहिल्यामुळे दूरवरचे निरपराध सर्व्हरही कसे अडकून पडतात, ते वर्णिले आहे. घाटातील मालमोटारीची आठवण यावी असाच हा प्रकार. तो टळावा म्हणून २०१५ मध्ये खुणांच्या प्रमाणावर चालणारी एक जोडपद्धत तिच्यासाठी तयार करण्यात आली होती.

गूगलने उलट दिशा धरली. १९९४ मध्ये ॲरिझोना विद्यापीठात ब्राक्मो व पीटरसन यांनी विलंबावरून कोंडी ओळखण्याचा प्रयत्न केला होता. यंत्रांना मायक्रोसेकंद अचूक मोजता येऊ लागल्यावर २०१५ आणि २०२० मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी तो पुन्हा हाती घेतला. विलंब हे पुन्हा लिंगच, पण गहाळ होण्याहून अधिक सूक्ष्म. तो धूर नव्हे, ऊब आहे. अलीबाबाने २०१९ मध्ये प्रत्येक स्विचकडून रांगेची लांबी, वहनाचा हिशेब आणि वेळ पॅकेटवरच लिहून घेण्यास आरंभ केला. येथे शब्दाचे वाक्य झाले. याहून मला मोहक वाटते ती २०१७ मधील एक युक्ती. रांग भरली असता पॅकेट टाकून न देता त्यातील मजकूर कापावा आणि नुसते पत्त्याचे शीर्ष पुढे धाडावे. पत्र फाटले, पण पाकीट पोहोचले. आपल्याला काय मिळाले नाही ते ग्राहीला नेमके कळते. २०२५ च्या जूनमध्ये निघालेल्या ‘अल्ट्रा इथरनेट’च्या पहिल्या विनिर्देशात या युक्तीला स्थान मिळाले आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रतिमानांना शिकविणाऱ्या यंत्रसमूहांत प्रश्नाने आणखी एक वळण घेतले. तेथे प्रवाह थोडे, पण प्रचंड आणि एका तालात चालणारे असतात. मेटा कंपनीच्या अभियंत्यांनी २०२४ मध्ये नोंदविले की, आपल्या ४०० गिगाबिटांच्या जालात त्यांनी वर उल्लेखिलेली खुणांची जोडपद्धत बंदच ठेवली, आणि ‘थांब’ या आज्ञेच्या जोडीला, ग्राहीने आधी परवानगी द्यावी व मगच प्रेषकाने पाठवावे, अशी व्यवस्था ठेवली. डेव्हिस यांचे फिरते परवाने आणि ही परवानगी एक नव्हेत; परंतु आधी विचारावे व मग पाठवावे हे तत्त्व अर्ध्या शतकानंतर परत आले खरे.

६

आता त्या बोलीकडे, म्हणजे ‘११’ च्या नव्या अर्थाकडे वळू. ती घराबाहेर कशी वागते याचा पहिला धडा घरातच मिळाला होता. मॉर्गन स्टॅन्ले या वित्तसंस्थेतील ग्लेन जड यांनी २०१५ मध्ये तो सांगितला. २००१ च्या नियमाप्रमाणे, दोन संगणकांची ओळख करून देणाऱ्या पहिल्या पॅकेटवर ‘मला खुणेची भाषा येते’ असे लिहावयाचे नसते. ओळखीपूर्वी भाषेविषयी गृहीत धरू नये, हा त्यातील शिष्टाचार. पण नव्या पद्धतीत रांग किंचित लांबली की स्विच भाषा येणाऱ्यांवर खूण करतो आणि न येणाऱ्यांना सरळ टाकून देतो. परिणामी ‘नमस्कार’ म्हणणारी पॅकेटेच तेवढी मारली जाऊ लागली, आणि जाल वाहत असता नव्याने कोणाची ओळख होईना. शिष्टाचार मोडून पहिल्याच पॅकेटवर तसे लिहिल्यावर अडचण दूर झाली. २०१७ च्या ऑक्टोबरात ही पद्धत आर.एफ.सी. ८२५७ म्हणून नोंदली गेली, ती मालकी एकाची असलेल्या जालांपुरतीच. सार्वजनिक इंटरनेटवर ती वापरू नये, असे बजावून. कारण मघाचेच. जुन्या अर्थाने ‘११’ वाचणारा विंडो निम्मी करतो, नव्या अर्थाने वाचणारा किंचित कमी करतो. दोघे एका रांगेत आले की पहिला उपाशी राहतो.

तथापि आखूड रांगांचा लाभ घराबाहेरही हवासा होता. दूरस्थ शस्त्रक्रियेपासून खेळांपर्यंत, जेथे विलंब खपत नाही अशा सर्व ठिकाणी. तेव्हा बॉब ब्रिस्को, कून डे शेपर प्रभृतींनी पुढाकार घेतला आणि तो निष्क्रिय पर्यायशब्द ‘०१’ उपयोगात आणावयाचे ठरविले. २०१८ च्या जानेवारीत जुनी, न चाललेली योजना इतिहासजमा करून तो मोकळा करण्यात आला. त्याच्यावर हक्क सांगणारे दोन पक्ष होते. एकाचे म्हणणे, ‘०१’ ही स्विचने करावयाची सौम्य खूण असावी, म्हणजे ‘थोडी दाटी आहे’. ‘११’ चा जुना अर्थ अबाधित राहू द्यावा. दुसऱ्याचे म्हणणे, ‘०१’ ही प्रेषकाची ओळख असावी, म्हणजे ‘मी नवी बोली बोलतो, माझ्यावर केलेली खूण नव्या अर्थाने घेतली जाईल’. २०२० मध्ये निर्णय दुसऱ्या पक्षाच्या बाजूने झाला, आणि २०२३ च्या जानेवारीत आर.एफ.सी. ९३३०, ९३३१ व ९३३२ ही प्रकाशित झाली. दोन बोलींसाठी दोन रांगा, आणि दोहोंना मिळून एक तोल, अशी त्यातील रचना आहे.

फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मधील आपल्या शब्दार्थविचारात सांगितले आहे की, भाषा पर्यायशब्दांना फार काळ समानार्थी राहू देत नाही. त्यांच्यात अर्थाची वाटणी होते. ‘१०’ आणि ‘०१’ यांची कथा हे त्या नियमाचे बोलके उदाहरण होय. फरक इतकाच की, येथे वाटणी समितीत झाली आणि तिला बावीस वर्षे लागली.

माझ्या मते पहिला पक्ष शब्दार्थाच्या दृष्टीने अधिक निर्दोष होता. ‘०१’ आणि ‘१०’ यांत भेद झाला, पण खूण झाल्यावर दोन्ही ‘११’ च होतात, आणि मग तो शब्द कोणत्या अर्थाने उच्चारला गेला हे त्याच्या रूपावरून कळत नाही. नव्या बोलीच्या प्रेषकाच्या वाटेत २००१ च्या नियमाने चालणारे जुने यंत्र आले तर तेही त्याच्या पॅकेटवर ‘११’ अशीच खूण करील. त्याचा अभिप्राय असेल ‘निम्मे करा’, आणि प्रेषक वाचील ‘किंचित कमी करा’. त्याच रांगेतील जुन्या बोलीचा शेजारी यात विनाकारण चेपला जातो. अशी जुनी यंत्रे किती उरली आहेत यावर समितीत पुष्कळ वाद झाला. दुसऱ्या पक्षाने व्यवहार पाहिला, आणि पहिल्या पक्षाची योजना घरगुती यंत्रांत प्रत्यक्ष आणणे अधिक अवघड होते, हेही नाकारता येत नाही.

आपल्याकडे अनेकार्थी शब्दाचे उदाहरण म्हणून ‘सैंधव’ शब्द प्रसिद्ध आहे. जेवताना मागितला तर मीठ, निघताना मागितला तर घोडा. अर्थ कशावरून ठरवावा याची साधने भर्तृहरीने वाक्यपदीयात गणली आहेत. त्यांत साहचर्य आहे, प्रकरण आहे. आर.एफ.सी. ९३३१ ने नव्या बोलीच्या प्रेषकावर नेमके हेच काम सोपविले आहे : वाटेतील अरुंद जागी जुन्या नियमाचे यंत्र आहे की काय हे त्याने पारखावे, आणि तसे दिसल्यास जुन्या रीतीने वागता यावे. पण बिचाऱ्या प्रेषकाला प्रकरण कोठून मिळणार? त्याच्या हाती उपलब्ध साधन एकच : पोचांच्या फेरीला लागणाऱ्या वेळेतील चढउतार. जुन्या यंत्रापाशी रांग लांब व हलती असते, म्हणून फेरीची वेळ पुष्कळ हेलकावते. नव्या यंत्रापाशी ती जवळजवळ स्थिर राहते. २०२५ च्या जानेवारीपासून अमेरिकेतील कॉमकास्ट या कंपनीने काही शहरांतील घरगुती ग्राहकांना ही नवी बोली उपलब्ध करून देण्यास प्रारंभ केला आहे. तेव्हा ‘११’ या शब्दाचा अर्थ धुरावरून ओळखण्याचे काम आता सार्वजनिक रस्त्यावर सुरू झाले आहे.